बॅग आधी उतरली, मी नंतर

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं क्रूझवरून उतरलो. हो, सोलापूरची माणसं, आणि क्रूझ! फोटो बघून मैत्रिणींनी फार चिडवलं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं... उतरताना काय झालं ते.

आमचा संकेत त्या जहाजावर हाउसकीपिंगला आहे. खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या... घरी स्वतःच्या अंथरुणाची घडी कधी केली नाही पठ्ठ्यानं! दोन दिवाळ्या झाल्या, घरी आलेला नाही. मुंबईहून तीन दिवसांची फेरी होती, स्टाफच्या घरच्यांना येता येत होतं, तर त्यानंच आम्हाला बोलावून घेतलं.

मला वाटलं, तीन दिवस लेक डोळ्यासमोर... कसलं काय! त्याची ड्यूटी दुसऱ्याच मजल्यावर, आणि पाहुण्यांच्यात येऊन बसायची परवानगी नाही. एकदा पॅसेजमध्ये ट्रॉली ढकलत समोरून आला आणि चारचौघांत मला "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाला. मी हसले खरी, पण खोलीत येऊन डोळे पुसले.

त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, उतरायच्या दिवशी सकाळी जहाजाच्या दाराशी येतो, पाच मिनिटं काढतो. त्या पाच मिनिटांच्या भरवशावर मी तीन दिवस काढले.

त्याच्यासाठी शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली होती. घरचं उघडं चालत नाही म्हणाला, म्हणून ओळखीच्या दुकानातून सीलबंद पाकीट करून घेतलं. पहिल्याच दिवशी निरोप पाठवून देता आलं असतं की... पण आमच्याकडे निघायच्या वेळेला द्यायची पद्धत. तो घरून निघाला की उंबऱ्यात हातावर दही घालायचं, मग खाण्याची पिशवी द्यायची, आणि "येतो म्हण" असं दटावायचं. इतकी वर्षं हेच केलंय. म्हणून पाकीट मोठ्या बॅगेत, साड्यांच्या खाली, जपून ठेवलं होतं.

आता जहाजावरची रीत वेगळी... शेवटच्या संध्याकाळी मोठ्या बॅगेला रंगीत पट्टी बांधून ती खोलीबाहेर ठेवायची. स्टाफ घेऊन जातो. सकाळी आपण मोकळ्या हातानं उतरायचं आणि खाली बंदरावर आपल्या रंगाच्या रांगेतून बॅग उचलायची. आमची पट्टी पिवळी. ह्यांना ही व्यवस्था फारच आवडली, एसटीच्या टपावर सामान चढवण्यात जन्म गेलेला माणूस! त्यांनी बॅग बांधून बाहेर ठेवली. मीही ब्रश, गोळ्या, सकाळची साडी हातातल्या पिशवीत काढून घेतली, आणि स्वतःवरच खूश झाले.

सकाळी केस विंचरताना लक्षात आलं... पाकीट! तशीच विचारायला धावले. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून सांगितलं, बॅगा कधीच खाली गेल्या, आणि एकदा उतरलं की परत वर येता येत नाही. संकेतला त्या वेळी खाली यायची मुभा नाही. म्हणजे चटणी तिथे लेक नाही, आणि लेक तिथे चटणी नाही!

मोठ्या हॉलमध्ये सगळे बसलेले, एकेक रंग पुकारत होते. लोक आपला रंग कधी येतो म्हणून टपून होते, आणि मी मनात म्हणत होते, पिवळा राहू दे बाई... निळा घ्या, हिरवा घ्या. पिवळा तिसराच आला. हे लगेच उठले, "चल की, लोकं निघाली." मी चपलेचा पट्टा दोनदा काढून लावला. संकेतचा पत्ता नाही. दुपारी नवे पाहुणे चढणार, त्याआधी सगळ्या खोल्या आवरायच्या... तो तरी काय करणार!

दारापाशी खोलीचं कार्ड मशीनला लावायचं, टिंग वाजलं की आपण जहाजावरचे नाही. माझ्यापुढे चार माणसं उरली आणि मागून हाक आली, "आई!" तीन दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर.

पळत आला होता. हातमोजे खिशात कोंबलेले, कपाळावर घाम. मी बोलायच्या आधी रडायलाच लागले. "अरे, चटणी बॅगेत गेली रे..." एवढंच सांगता आलं.

तो हसला. "आई, हितं बॅग आधी उतरते, माणूस मागनं. राहू दे ते. हात कर."

त्याच्या हातात नाश्त्याच्या काउंटरवरची दह्याची वाटी होती. माझ्या उजव्या हातावर चमचाभर दही घातलं आणि म्हणाला, "येते म्हण."

इतकी वर्षं मी घालत आले... निघणारी मी असेन आणि दारात उभा तो असेल, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. दारात राहणाऱ्याला कसं होतं ते मला चांगलं माहीत आहे. त्याच्या तोंडाकडे बघवेना. दही चाटलं, "येते" म्हणाले. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग कार्ड लावलं... टिंग.

खाली पिवळ्या रांगेत आमची बॅग पहिलीच होती. दहा मिनिटांत सामानासकट बाहेर, कुठे धक्का नाही की बुक्का नाही. मागे वळून बघितलं तर जहाजाला खिडक्याच खिडक्या, सगळ्या सारख्या. कुठल्या खिडकीमागे तो चादर बदलत असेल, कसं कळायचं?

क्रूझला जाणार असाल तर एवढंच सांगते... बॅग दाराबाहेर ठेवण्याआधी ज्याला जे द्यायचंय ते देऊन टाका. शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नका.

आणि संकेत, तू हे वाचशीलच. पाकीट घरी वरच्या फळीवर आहे. बाबांचा डोळा आहे त्यावर, पण मी फोडू दिलेलं नाही. तू म्हण म्हणालास, मी "येते" म्हटलं... आता तू ये.