ओरडणारा शेवटी

नर्स प्रमिलाबाईंची नेमणूक झाली होती बाळंतपणांसाठी. पण कारंजाचा तो ट्रस्टचा दवाखाना नेमका हायवेला लागून, त्यामुळे बाळांपेक्षा ट्रकखाली चेंगरलेले ड्रायव्हर आणि कुऱ्हाडीनं फाटलेले भाऊबंदच तिथं जास्त येत. बाई म्हणायच्या, "हे बी बाळंतपणच आहे. माणूस जिता बाहेर काढाचा."

मेडिकल कॉलेजात तेव्हा डोळ्याचा, कानाचा, हाडाचा असे मास्तर वेगवेगळे होते. खांद्यात कुऱ्हाड घेऊन चालत येणाऱ्या माणसाचा मास्तर मात्र कोणीच नव्हता. म्हणून खेड्यातली नोकरी करायला धाडलेल्या नव्या डॉक्टरांना बाईच घडवत. जखमी आले की पोराला दारात उभं करून विचारत, "हात न लावता सांग, पयला कोन?" पोरगा हमखास सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याकडे बोट दाखवी. लगेच पाठीत धपाटा. "ओरडते त्याचा श्वास चालू आहे, बाबू. गप बसला त्याले पाह्य." बाईंच्या हाताखालून गेलेला डॉक्टर पुढं कुठंही ओळखू येई, तो पाठ भिंतीला लावूनच उभा राही.

अठ्ठ्याहत्तर साली तिथं हरिदास होता. वडनेरचा, हुशार, आणि सुई टोचायच्या आधी पेशंटला दोनदा "टोचू का?" विचारणारा. छातीत हवा कोंडली तर जाड सुई कुठं खुपसायची, हे त्याला पाठ होतं. खुपसली होती मात्र फक्त उशीत.

पोळ्याच्या दिवशी जवळच्याच एका गावात तोरणाखालून पहिली बैलजोडी कोणाची, यावरून किसनराव पाटलाची माणसं आणि रूपरावची माणसं भिडली. काठ्या, कुऱ्हाडी, बैलबंडीच्या बाजूचे उभे दांडे म्हणजे उभाऱ्या, हाती लागेल ते. एकाचा कान तुटला. पाटलाच्या बैलाचं रंगवलेलं शिंग मुळातून उपटलं. ट्रक एकच मिळाला, म्हणून दोन्ही बाजू त्यातच कोंबल्या, आणि वाटभर एकमेकांना हाणतच दिवेलागणीला दवाखान्यात पोचल्या.

मानाचं भांडण टेबलापर्यंत आलं. किसनरावांची टाळू फाटली होती, रक्त मिशांवरून गळत होतं, आवाज मात्र शाबूत. टेबलावर चढून बसत ते गरजले, "मान पाटलाचा! इथं बी आमीच पयले!" पुतण्या काठी घेऊन बाजूला उभा.

"डॉक्टर, पयला कोन?" बाईंनी विचारलं. जाड सुई त्यांच्या हातात तयारच होती.

भिंतीला टेकून रूपरावचा सालदार गडी लहानू बसला होता. त्याच्या बरगड्यांवर बंडीची उभारी बसली होती. ओठ निळे, मानेच्या शिरा टरारलेल्या. तो पुटपुटला, "मले काई नाई झालं. त्यायले पाहा आधी, मोठे लोक आहेत."

हरिदासनं लहानूकडे बोट केलं.

पुतण्याची काठी हरिदासच्या डोक्यावर उठली. बाई मधे शिरल्या. बाईंच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज साऱ्या खोलीनं ऐकला. सुई फरशीवर पडली. रूपरावची माणसं पुतण्यावर तुटून पडली, सलाइनच्या बाटल्या फुटल्या, काचांवर माणसं लोळू लागली.

"आता तूच," बाई दात आवळून म्हणाल्या.

"बाई, मी उशीतच फक्त..."

"मंग त्याले उशी समज. खुपस!"

लहानूचे डोळे पांढरे झाले होते. हरिदासनं सुई उचलून स्पिरिटात बुडवली, काचांत गुडघे टेकले, बोटानं बरगडी चाचपली आणि कोणाला काही न विचारता सुई घुसवली. सायकलची ट्यूब फुटावी तशी हवा फस्सकन बाहेर आली. लहानूनं एक लांब श्वास ओढला आणि बोंब ठोकली, "माय वो, मारलं रे मले!"

इतकी गोड बोंब हरिदासनं जन्मात ऐकली नव्हती.

मागं वळून पाहतो तर बाई भिंतीला टेकलेल्या, पांढऱ्याफटक, गप. टेबलावरून पाटलांचा मान अजून गरजतच होता.

"पाटील, तुमी शेवटी," म्हणत हरिदास बाईंपाशी बसला.

"मी पयली काऊन?" बाईंनी विचारलं.

"तुमी ओरडून नाई राह्यल्या."

बाईंना मनातून समाधान वाटलं असावं. पण हरिदास शेवटी हरिदास. मोडक्या मनगटाला हात लावण्याआधी त्यानं विचारलंच, "बाई, धरू का?"

डाव्या हाताचा पहिला धपाटा त्याला बसला. मनगट पुढं वाकडंच जुळलं, आणि नंतरच्या सगळ्या डॉक्टरांना डावाच मिळाला.