फळ्यावरचं डिजिटल

आमच्या पेठेत तालमीच्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा आहे. त्याच्या समोर माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. फळा लिहिणारे गृहस्थ थकले तेव्हा तालमीतल्या मंडळींनी बरं अक्षर असलेला माणूस शोधला. कुणाचंच बरं नव्हतं, म्हणून खडू माझ्या हातात आला. तालमीचा फळा बाई लिहिते यावर थोडे दिवस चर्चा झाली. मग पाणी येणार नसल्याचं मी आदल्या दिवशीच लिहिलं, बायकांनी भांडी भरून ठेवली आणि चर्चा संपली.

कुणाचं निधन झालं, रक्षाविसर्जन किती वाजता, पाणी कधी, रक्तदान कुठे, असं सगळं फळ्यावर येतं. राजकारणही येतं. एकदा गटार तुंबलं तेव्हा मी लिहिलं, ‘नगरसेवक दिसल्यास कळवावे. गटार वाट पाहत आहे.’ दुसऱ्या दिवशी नगरसेवक स्वतः दुकानात आले, माझ्याकडूनच खडू मागून घेतला आणि खाली लिहिलं, ‘नगरसेवक दिसले. गटारात गादी कोणी टाकली, तेही कळवावे.’ गादी खरंच निघाली. भिजलेली, फुगलेली, आमच्याच गल्लीतली.

तेव्हा रस्त्यावर राजकारण नको, असं म्हणणारी मी नव्हे. रस्ता सगळ्यांचा आहे, तिथं बोलणं होणारच. पण महापालिकेची निवडणूक आली आणि एका सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर समोर फळाच नाही. त्याच्यावर लाकडी चौकटीत ताणलेलं डिजिटल, म्हणजे छापील फ्लेक्स. मधोमध आमच्या प्रभागातले इच्छुक उमेदवार, हात जोडलेले. वर त्यांच्या पक्षाचे साहेब. तळाला शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग, आणि त्या रांगेत कोपऱ्यात माझा नवरा. काळा चष्मा लावून.

‘‘हे कधी?’’ मी घरात जाऊन विचारलं.

‘‘कसा आलाय फोटो?’’ तो म्हणाला.

‘‘फळ्यावर लावायला कुणी सांगितलं?’’

‘‘तालमीनं परवानगी दिली.’’

तालमीनं म्हणजे यानं आणि याच्या चार मित्रांनी. चौघेही त्याच रांगेत होते.

मी बडबडले आणि कामाला लागले. लग्नसराईचे ब्लाऊज पडले होते. पण मन लागेना. मान वर केली की समोर ते जोडलेले हात. वारा आला की डिजिटल फडफडायचं आणि मला वाटायचं कुणीतरी हाक मारतंय. दोनदा बाही उलटी लावली.

अशातच गल्लीच्या टोकाचे एक आजोबा गेले. जन्मभर कसबा बावड्याच्या कारखान्यात कामाला होते. पोटी एकच मुलगी, जयसिंगपूरला दिलेली. अंत्यसंस्कार घाईत झाले, माणसं मोजकी होती. रक्षाविसर्जनाच्या आदल्या दुपारी ती मुलगी दुकानात आली. डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ.

‘‘काकी, फळ्यावर लिवा की बाबांचं.’’

मी फक्त समोर बोट केलं. तिनं वळून पाहिलं आणि बाकावर बसलीच.

‘‘मग बाबांच्या दोस्तांस्नी कळायचं कसं? भाऊ न्हाय मला. उद्या नदीवर आमी चौघंच हुबं ऱ्हायलो तर?’’

तिचं म्हणणं मला लगेच कळलं. आजोबांच्या बरोबरचे कामगार आता बावड्याकडच्या नव्या वसाहतींत राहायला गेलेत. मंडईला म्हणून संध्याकाळच्या बसनं येतात. बस आमच्या कोपऱ्यावर वळताना हळू होते, तेवढ्यात ते खिडकीतून फळा बघून घेतात. फळा कोरा असला म्हणजे सगळे जिवंत. या लोकांना फोन येतो तो फक्त उचलता येतो. आजोबांच्या फोनमध्येही कुणाचे नंबर नव्हते. ते सगळे त्यांना पाठ होते.

‘‘ग्रुपवर टाकलंय की,’’ नवरा दारातून म्हणाला.

‘‘त्या ग्रुपवर तुम्ही आहात आणि तुमचे चार शुभेच्छुक. डिजिटल उतरवा.’’

‘‘आज न्हाय जमायचं. सायबांची गाडी जाणार हाय इथनं संध्याकाळी.’’

मी त्याच्याच फोनवरून इच्छुकांना फोन लावायला लावला. समोरून आवाज मऊ. ‘‘वैनी, रीतसर परवानगी काढून लावलंय बघा. कोपऱ्यात नंबर छापलाय.’’

‘‘परवानगी रस्त्याची असेल. माणूस गेलेला कुठे लिहू?’’

‘‘मी सोता येतो की उद्या नदीवर. पण सायेब जाईपत्तर डिजिटल उतरवू नका, एवढं ऐका.’’

‘‘उतरवत नाही,’’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्या माहेरी, शिरोळकडे, निवडणूक झाली की जुनी डिजिटलं गोठ्यावर जातात. पावसाला उत्तम. साहेब आत तोंड करून म्हशींकडे बघत असतात आणि बाहेरून सगळं पांढरं. तो पांढरा रंग मला आठवला. खिडकीच्या गजांना लावून उरलेला काळा ऑइलपेंट घरात होताच. मी स्टूल घेतलं, पक्कड घेतली आणि भिंतीकडे गेले.

एक तार सुटली. दुसऱ्या तारेला हात पुरेना. स्टूल डुगडुगलं.

‘‘पडशील,’’ नवरा मागे येऊन म्हणाला.

‘‘पडू दे. उद्या फळ्यावर माझं लिहायलाही जागा नाही.’’

‘‘उतर खाली. सर.’’ तो चढला. तारा त्यानंच बांधल्या होत्या, त्यामुळे कुठली कशी सुटते ते त्यालाच माहीत. चौकट आम्ही दोघांनी मिळून फिरवली. फोटोतला तो काळ्या चष्म्यासकट भिंतीकडे तोंड करून गेला. ‘‘निदान शेजारच्याचा फोटो तरी माझ्याएवढाच पायजे होता,’’ एवढंच पुटपुटला. त्याच्या शेजारच्याचं डोकं खरंच मोठं छापलं होतं.

मागच्या बाजूला मधोमध आडवी लाकडी पट्टी होती. तिच्या वर मी आजोबांचं नाव लिहिलं, खाली रक्षाविसर्जनाची वेळ. ब्रश जाड होता, अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. मुलगी रस्त्यापलीकडे उभी राहून वाचत होती. ‘‘बसमधनं दिसतंय?’’ तिनं दोनदा विचारलं. मी कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि वळून बघितलं. दिसत होतं.

साहेबांची गाडी आली तेव्हा रंग ओला होता. ढोल-ताशा, फटाके, सगळं मागून येत होतं. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, स्वतःला शोधलं असेल, पण सापडली निधनवार्ता. त्यांनी हात जोडले. ढोलवाल्याला थांबायची खूण केली. आमचा कोपरा त्यांनी शांतपणे पार केला. इच्छुक गाडीच्या मागे होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आभार मानावेत की भांडावं हे त्यांचं ठरत नव्हतं.

सकाळी नदीवर मी लवकर गेले. मुलगी, तिचा नवरा, दोन नातेवाईक. चौघंच. ती घाटाच्या पायऱ्यांकडे बघायची, मग घड्याळाकडे. माझेही पाय एका जागी ठरेनात. मग एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून म्हातारे भांडतच उतरले.

‘‘तुला म्हनलं व्हतं, काल फळ्यावर हाय काय तरी. तू म्हनतोस इलेक्शनचं हाय!’’

‘‘आरं डिजिटलवर इलेक्शनच असतंय की! मानसाचं मरान कवा असतंय?’’

मागून दुसरी रिक्षा आली, मग गल्लीतले लोक, मग इच्छुकही. मुलीनं पदर खोचला आणि म्हाताऱ्यांना पुढे बोलावलं. रक्षा पाण्यात सोडताना तिच्या भोवती दाटी होती. मी मागेच उभी राहिले, पुढे जायला जागा नव्हती.

हे इथेच संपायला हरकत नव्हती. पण दोन दिवसांनी फळ्यावर जुनं काढून नवं डिजिटल लागलं. भावपूर्ण श्रद्धांजली. आजोबांचा फोटो कोपऱ्यात, इच्छुकांचा मधोमध, तळाला तीच रांग. मी तरातरा निघाले तर मुलगी आधीच तिथं उभी, मोबाइलवर फोटो काढत.

‘‘काकी, बाबांचा एवढा मोठा फोटो कवाच कुणी छापला नव्हता,’’ ती म्हणाली.

ती जयसिंगपूरच्या गाडीत बसेपर्यंत मी डिजिटलला हात लावला नाही. मग नवऱ्याला हाक मारली. डिजिटल वर सरकवलं. तरी फळ्याचा वरचा भाग झाकत होता, म्हणून चौकटीची खालची पट्टी काढली आणि शुभेच्छुकांची अख्खी रांग मागे दुमडून खिळे मारले. खिळे नवऱ्यानंच मारले. त्याच्या स्वतःच्या फोटोजवळ जरा हळू मारले.

आता वर इच्छुक आणि आजोबा, खाली माझा फळा. पण ते हळू मारलेले खिळे वाऱ्यानं निसटतात. रांग सुटते, काळा चष्मा खाली येतो आणि पहिली ओळ झाकली जाते. मी मशीनवरून मान वर करून बघत असते. बावड्याच्या बसची वेळ झाली की उठते, स्टूल घेते, रस्ता ओलांडते आणि त्याला परत आत दुमडते.