वहिनीने उघडलेली काळी खिडकी

चौक गावात जुन्या हायवेलगत माझ्या थोरल्या भावाचं गॅरेज आहे. तिथली बिलं वहिनी करते. तिचा कॉम्प्युटर फार रखडायचा, म्हणून मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं. अपडेट करणंही दाखवलं: कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक, मग बटण, मग पासवर्ड. मी स्वतः टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करतो. वहिनीला मात्र तिची धास्ती. एक अक्षर चुकलं की सगळं पुसलं जाईल, असं तिचं ठाम मत होतं.

एका सकाळी मी रसायनीला कारखान्याच्या ऑफिसात असताना तिचा फोन आला. आदल्या दिवशी अपडेट चालू असताना वीज गेली होती. आता बटण दाबलं की अपडेट होऊ शकत नाही, एवढंच लिहून येत होतं. काम अर्धवट राहिलं होतं, आणि ते टर्मिनलमधूनच पुरं करावं लागणार होतं. तसं मी तिला सांगितलं.

"सांगा भावोजी. पण हळू सांगा."

मी एकेक अक्षर सांगत गेलो. पहिल्यांदा मधली जागा सोडायची राहिली आणि अशी कमांडच नाही, असं उत्तर आलं. बाकी काही बिघडलं नाही, तेव्हा तिचा आवाज जरा सैलावला. दुसऱ्यांदा गाडी पासवर्डपाशी अडली.

"काय उमटतच नाय. कीबोर्ड गेला वाटतं."

"तो दिसत नाही, वहिनी. तसाच टाक आणि एंटर दाब."

मग ओळी सरकू लागल्या. ती मला वाचून दाखवत होती आणि मध्येच भावाला, ग्रीसच्या हातांनी टेबलाला शिवू नका, म्हणून बजावत होती. ओळी थांबल्या. मी तिला नेहमीचं बटण दाबायला सांगितलं. उरलेलं अपडेट सुरळीत झालं.

"बटणवाली खिडकी काय बिघडलंय ते सांगत नाय," ती म्हणाली. "ही बोलते तरी."

अपडेट ती अजूनही बटणानेच करते, कारण त्यात कमांड लक्षात ठेवावी लागत नाही. पण रविवारी मी गेलो तेव्हा तिने स्वतःच काळी खिडकी उघडली आणि माझ्याकडून आणखी एक कमांड विचारून घेतली, मराठी फॉन्ट घेण्याची. संध्याकाळी मराठीतलं पहिलं बिल छापलं. भावाने ते गिऱ्हाइकाला देण्याआधी सगळं मोठ्याने वाचलं, अगदी ब्रेक ऑइलसकट.