ती परत येऊ नये म्हणून

एका बाईचं मन पालटू नये म्हणून मी सहा आठवडे देवाची करुणा भाकली आहे. चर्चच्या मंडळीत उभं राहून मी पुष्कळ साक्षी दिल्या, पण ही कधी दिली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, दोन बाळं पोटातच गेली होती, आणि मंडळीतल्या बायका ‘प्रभूची वेळ यायची आहे’ असं सांगून माझं डोकं उठवत होत्या. शेवटी आम्ही नाशकातल्या एका संस्थेत अर्ज केला. आम्हा ख्रिस्ती माणसांना तेव्हा कायद्याने दत्तक घेता येत नसे. कोर्टाकडून नुसतं पालकत्व मिळे.

“म्हणजे मूल कागदावर आपलं होणारच नाही?” मी यांना विचारलं.

“या जगात आपलं काय असतं?” हे म्हणाले. नको त्या वेळी उपदेश करायची यांना खोडच होती.

संस्थेत आम्हाला तीन आठवड्यांची मुलगी दाखवली. तिने दोन शिंका दिल्या आणि मीच तिची झोप मोडल्यासारख्या कपाळाला आठ्या घातल्या. मी तिथेच विरघळले. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, “इतक्यात जीव लावू नका. आईने सही दिलीय, पण तिला विचार बदलायला मुदत असते. अजून सहा आठवडे आहेत. तेवढ्यात ती आली, तर बाळ तिचं.” मग फाईल बांधता बांधता सहज बोलून गेल्या, “नामपूरकडची आहे. जाताना दोनदा दारातून परत आली होती.”

हे त्यांनी सांगायला नको होतं. तोवर मला परक्या रक्ताची भीती होती, मला माया फुटेल का याची भीती होती. त्या दिवसापासून एकच भीती उरली: ती तिसऱ्यांदा परत येईल.

दर गुरुवारी शरणपूर रोडच्या आमच्या घरी बायकांची प्रार्थना असे. मंडळीतल्या एक वयस्कर मावशी खड्या आवाजात प्रार्थना चालवत. मी त्यांना सगळं सांगितलं. मावशींनी डोक्यावर पदर घेतला आणि सुरुवात केली, “हे स्वर्गीय बापा, त्या बाईची वाट अडव. तिचं मन पालटू देऊ नको. तिचे पाय तिथेच खिळव.” बाकीच्या जणी “होय प्रभो, होय प्रभो” म्हणत होत्या. मी तर रडत होते.

नंतर स्वयंपाकघरात चहा गाळताना माझा हात थांबला. तिकडे तीही कुठल्यातरी देवापुढे बसली असेल. परत जायचं बळ दे म्हणत असेल. इकडे आम्ही बारा जणी आणि तिकडे ती एकटी.

मी यांना म्हटलं, “अहो, आपण एका आईच्या विरुद्ध प्रार्थना करतोय.”

हे म्हणाले, “थांबवूया का?”

“नको,” मी म्हटलं. पुढच्या गुरुवारी मीच मावशींना लवकर बोलावलं.

ती आली नाही. मुलगी घरी आली, बाप्तिस्मा झाला, मंडळीने उपकारस्तुती केली. देवाने ऐकलं, असं जो तो म्हणत होता. मला नेमकं तेच खात राहिलं.

कारण ती आली नाही तरी गेलीही नाही. भाजीबाजारात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही एखादी बाई माझ्या लेकीकडे जरा जास्त वेळ बघायला लागली की मी तिला पदराआड ओढायची. लेक दोन वर्षांची असताना आम्ही बसस्टँडवर उभ्या होतो. सटाण्याच्या, म्हणजे नामपूरकडच्याच, गाडीची वाट बघत पोत्यावर बसलेल्या एका बाईने तिच्या गालाला हात लावला. “हाई पोर कोनी शे, बाई?”

“माझी!” मी अशी ओरडले की कंडक्टर वळून बघायला लागला. लेकीला उचललं, पिशवी तिथेच टाकली आणि रिक्षात बसले. साठीची म्हातारी होती हो ती, तिला कुठलं तान्हं मूल! पण भीतीला वय कुठे कळतं?

आम्ही लेकीपासून काही लपवलं नाही. तुला जन्म दुसऱ्या आईने दिला, हे तिला कळत्या वयापासून माहीत होतं. गुरुवारच्या प्रार्थनांचं मात्र मी कधी बोलले नाही. ती आठ वर्षांची झाली, तेव्हा संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तिचीही पाळी असे. एकदा तिने शाळेसाठी, बाबांच्या गुडघ्यासाठी मागितलं आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, “आणि प्रभू, माझ्या पहिल्या आईला एकदा मला बघायला येऊ दे.”

हे मोठ्याने “आमेन” म्हणाले. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिची वाट अडव, तिचे पाय खिळव, असं माझं मन आपोआप म्हणत होतं. इतक्या वर्षांनंतर, माझ्याच लेकीच्या विरुद्ध.

डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती.

“आई, तू आमेन नाही म्हटलंस.”