अकरा नंबरचा हात

आमच्या वन्सं दोन मिनिटं एका जागी बसल्या आहेत, असं ह्या घरात कुणी पाहिलेलं नाही. चहा पितात तो उभ्यानं, पेपर वाचतात तो जिन्यात येरझाऱ्या घालत. मांडी हलते, नाही तर बोटं टेबलावर चालतात, नाही तर नुसतीच मान. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाटलं, माझ्यावर रागावल्यात. ह्यांनी सांगितलं, "ताई रागावली की गप्प बसते. तेव्हा घाबर."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय चोपन्न, उंची चार फूट दहा इंच, लग्न केलं नाही. एका दातांच्या लॅबमध्ये गेली एकतीस वर्षं कवळ्या बनवतात. आधी मेणाचा साचा, मग गुलाबी हिरड्या, मग त्यात एकेक दात. शेवटी पायानं दाबायच्या मशीनवर धरून घासायचं. त्या मशीनचा आवाज ऐकून माझे सगळे दात शिवशिवतात. वन्सं मात्र त्यावर कानात बोंडं घालून त्याहून मोठा आवाज ऐकतात. हेवी मेटल. माझ्या रोजच्या वहीत मी त्याला "गोंगाट" असंच लिहीत आले. एकदा त्यांनी ते वाचलं.

"गोंगाट काय गं? तू सकाळी देवापुढे घंटा बडवतेस, ती काय लाजून वाजते?"

मी खोडलं नाही, पण त्यानंतर "वन्संचं संगीत" असं लिहायला लागले.

त्यांची खोली वरच्या मजल्यावर. कॅसेटी भिंतभर, आणि काळे टी-शर्ट इतके की कपाटात अंधारच घडी करून ठेवलाय असं वाटावं. धुतल्यावर मी ते उलटे करून दोरीवर घालते. त्यांवरच्या कवट्यांना ऊन दाखवायची सवय मला अजून झालेली नाही. आणि एक जाकीट, बिनबाह्यांचं, बँडच्या नावांचे कापडी तुकडे शिवून शिवून ढालीसारखं झालेलं. ते धुवायचं नाही. त्यांच्यात तसा नियमच आहे. धुतलेलं जाकीट म्हणजे काल आलेल्याचं जाकीट. पहिल्या वर्षी मी ते बादलीकडे नेत होते, तर वन्सं तीन-तीन पायऱ्या सोडत खाली आल्या होत्या. धुणं हा माझा रोगच आहे, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी ही मंडळी एका मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये जमतात. शटर अर्धं खाली. गणिताचे एक मास्तर, वेणी घालणारे. एक नळवाला, सव्वासहा फूट. आणखी सात-आठ जण. मी एकदा वन्संचा चष्मा द्यायला गेले तर मला उलट्या बादलीवर बसवलं आणि कानात घालायला कापूस दिला. त्यांचा एक खेळ आहे: गाण्याची पहिली दोन सेकंदं वाजवायची आणि ओळखायचं. हरला तो सगळ्यांना चहा करतो. मग मोठा पाना गिटारसारखा धरून खोटं खोटं वाजवायची स्पर्धा. नळवाला गुडघ्यावर आला आणि मान फिरवता फिरवता तेलाच्या डब्यात बसला. वन्सं परीक्षक होत्या. त्यांनी त्याला दहापैकी चार दिले.

"चारच?" तो डब्यातूनच म्हणाला.

"डबा धरून चार. नाही तर दोन."

अशा माणसाची एकच गोष्ट राहून गेलेली. तीस वर्षं कार्यक्रमांना जाऊन वन्संनी स्टेज पाहिलेलं नव्हतं. उंचीच तेवढी. "मी पाठी पाहिल्यात," म्हणायच्या, "पाठींवर मला पेपर द्या, पहिली येईन." ह्या वेळी येणारा बँड त्यांचा सर्वांत लाडका, चार म्हातारे, आणि हा त्यांचा शेवटचा दौरा. त्यातला ड्रम वाजवणारा दोन्ही पायांनी वाजवतो. इतक्या वेगानं की ऐकताना ते दोन पाय आहेत असं वाटत नाही. वन्संना ते पाय बघायचे होते. "मीही एकतीस वर्षं पायानं मशीन चालवते. तो टाच टेकवतो की नाही, एवढं डोळ्यांनी बघितलं की झालं."

त्यासाठी पुढचा कठडा गाठायला हवा. स्टेजसमोरच्या लोखंडी कठड्याला पोट लावून उभं राहिलं की पुढे कुणाची पाठ नाही. म्हणून ही मंडळी पहाटेपासून दाराबाहेर रांग लावतात. हातावर काळ्या पेनानं नंबर. दर दोन तासांनी मास्तर वही घेऊन हजेरी घेतात. नंबर पुकारला की हात वर करून दाखवायचा. हात नाही दिसला, की नाव कटलं, शेवटी जा. एकदाच बदली माणूस उभा करता येतो, त्याच्याही हातावर तोच नंबर. हा नियम वन्संनीच घालून दिलेला. पूर्वी दांडगट मुलं ऐनवेळी येऊन घुसायची आणि ह्यांना भिंतीकडे ढकलायची, तेव्हा.

वन्संना अकरा नंबर मिळाला, एवढा पुढचा पहिल्यांदाच. आणि सकाळी नऊला लॅबमधून फोन आला. सोबतचा कारागीर तापानं आडवा. एका म्हाताऱ्या गृहस्थांची वरची कवळी अर्धी राहिलेली, आणि त्यांना बारालाच डॉक्टरांकडे बोलावलेलं. तीन आठवडे पातळ पितोय तो माणूस.

वन्संनी मला फोन केला. आवाजच असा होता की मी पोळपाट तसाच ठेवून गेले.

"तीन तास. फक्त उभी राहा," म्हणाल्या. नळवाल्याकडून पेन घेऊन माझ्या तळहातावर मोठा अकरा काढला. "बारा वाजता मास्तर पुकारतील. हात दाखवायचा. बाकी काही करायचं नाही."

"काही करायचं नाही" हेच मला जमत नाही. समोर एका पाठीवर राक्षस, मागे दुसऱ्या पाठीवर जळतं घर. पायांना रग लागली. दहा नंबरचा नळवाला बोलायला चांगला. त्यानं खारे दाणे दिले, माझ्या घरचा गळका नळ कुठला तेही विचारून घेतलं. पण माझं लक्ष घड्याळात. अकरा वाजता मी रोज जपाला बसते. सव्वीस वर्षांत चुकलेलं नाही, बाळंतपणातसुद्धा पडल्या पडल्या केला. नळवाला म्हणाला, "जा काकू, दारामागे नळ आहे. मी आहे इथे."

दाण्यांचं मीठ होतं, बाहेरच्या गंजक्या फाटकाचा तांबूस डाग होता. पिशवीत साबणाची वडी असतेच माझ्या. देवाचं नाव घ्यायचं तर हात स्वच्छ हवेत. मी घासले. काळं निघेना म्हणून आणखी घासले. खरं सांगते, त्या वेळी मनात काहीच नव्हतं. हात आपोआप चालत होते, पातेल्याच्या बुडाशी चालतात तसे. मग भिंतीशी उभी राहून जप केला, बरं वाटलं, आणि रांगेत आले.

बारा वाजले. "दहा," मास्तर म्हणाले. नळवाल्याचा हात गेला. "अकरा."

मी हात वर केला.

मास्तर बघत राहिले. मीही बघितलं. असा स्वच्छ तळहात त्या रांगेत दुसरा नव्हता.

"काकू, नंबर?"

"धुतला," मी म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. नळवाला म्हणाला, "अहो मास्तर, मी साक्षीला आहे ना. दाणे खाल्ले आम्ही."

"मी पण बघितलंय रे त्यांना," मास्तर म्हणाले. त्यांचं कपाळ घामानं चमकत होतं. "पण दहाच्या हजेरीला सदतीस नंबरला ह्याच कारणानं मागे पाठवला. तो तिथून बघतोय. आता ह्यांना सोडलं तर पुढच्या हजेरीला प्रत्येकाची वहिनी हात धुऊन येईल." मग हळूच म्हणाले, "ताई येऊ देत. त्या सांगतील तसं."

तो पाऊण तास कसा गेला ते मी लिहू शकत नाही. माळ पिशवीत होती, पण बाहेर काढवेना.

वन्सं पावणेएकला धावत आल्या. नखांत अजून गुलाबी मेण. "बसली कवळी. माणूस आरशासमोरून हलेना," म्हणाल्या आणि आमचे चेहरे पाहून थांबल्या. मी तळहात पुढे केला. त्यांनी तो धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्यांची मांडी हलत नव्हती. बोटं नाहीत, मान नाही.

नळवाला म्हणाला, "ताई, माझा दहा घ्या. मला काय, मागून पण दिसतं."

"नंबर देता येत नाही. नियम आहे."

"तो तुमचाच ना?"

"म्हणूनच," वन्सं म्हणाल्या. "मास्तर, काटा माझं नाव."

आणि त्या रांगेच्या शेवटाकडे चालू लागल्या. मी मागोमाग. कोपऱ्यावरून वळून, पार्किंग ओलांडून, कचऱ्याच्या डब्यांपर्यंत. एकशे चौसष्ट.

"वन्सं, काहीतरी बोला. शिव्या द्या."

"घरी जा तू. पोळ्या राहिल्यात तुझ्या."

त्या दिवशी पोळ्या करपल्या. ह्यांनी निमूटपणे खाल्ल्या. संध्याकाळी देवापुढे बसले तर स्वतःचेच हात दिसत राहिले. देवाला मी सांगितलं की बाबा, तुला स्वच्छ हात मी दिले, आता त्याचं काय करायचं ते तू बघ. हे बोलणं बरं नव्हतं, पण झालं.

सकाळी वन्सं खाली आल्या त्या एकाच पायात बूट घालून. दुसऱ्या पायाला फडकं. बरगडी धरलेली. मी चहाचं भांडं तसंच हातात धरून उभी.

"पाठी," त्या म्हणाल्या. "पहिला दीड तास नुसत्या पाठी. मग एका पोराला म्हटलं, उचल मला. त्यात असतं तसं, माणसाला उचलून डोक्यांवरून हाताहातांनी पुढे सरकवतात. पोरांचा खेळ म्हणून मी कधी केला नाही. तो म्हणाला, काकू, नक्की? म्हटलं, नक्की. गेले मी, तांदळाच्या पोत्यासारखी."

"अगं ताई," हे पेपरामागून म्हणाले.

"ऐक तू. कठड्यापाशी पोचलं की पलीकडचे रखवालदार खाली उतरवून घेतात. कठडा आणि स्टेज ह्यांच्यामधली गल्ली असते ना, तिथे. आणि बाजूच्या दारानं परत मागे हाकलतात. मी लंगडत निघाले, मुद्दाम, वेळ लागावा म्हणून. स्टेजच्या कडेनं. आणि कडेनं दिसले."

"काय?"

"पाय! पुढून ड्रमच आड येतात, कठड्यावरून सात जन्म दिसले नसते. नळवाला दहा नंबरला उभा राहून पण बघू शकला नाही. मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी बूट गेला. रखवालदार म्हणाला, मावशी, आता आलात तर दात पाडीन. म्हटलं पाड, नवे बसवायचा माझा धंदाच आहे."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. डोळे पुसत होते, हसून की कशानं, मी विचारलं नाही.

मी विचारलं ते वेगळंच. "म्हणजे मी हात धुतले ते..."

"ते चुकलंच," वन्सं तिथल्या तिथे म्हणाल्या. "त्याला चांगलं म्हणायला जाऊ नकोस. पुढच्या महिन्यात दुसरा बँड आहे, तेव्हा बदली लागली तर मनगटावर लिहीन. आणि साबण घरी ठेवून यायचा."

म्हणजे मला पुन्हा बोलावणार होत्या. मी चहा गाळला.

टाच टेकवतो का, ते मात्र त्यांनी तोंडानं सांगितलं नाही, करून दाखवलं. टेकवत नाही. दोन्ही टाचा हवेत, नुसते चवडे. आता संध्याकाळ झाली, तरी बाई थांबायला तयार नाहीत. फडकं बांधलेला पाय आणि बिनफडक्याचा, दोन्ही मी लिहितेय त्याच टेबलाखाली चाललेत. पेल्यातलं पाणी हिंदकळतंय. वरच्या दोन ओळी वाकड्या आल्या आहेत त्या त्यामुळे.