एकच भाग अजून
परवा दारव्ह्याच्या बाजारात कुणाच्या तरी मोबाइलवर एका जुन्या सिरियलची धून वाजली आणि हातातली भाजीची पिशवी मी तिथेच खाली ठेवली. काही वर्षांपूर्वी वादळाने आमच्या गल्लीतले विजेचे खांब पाडले, तेव्हा शेजारच्या मेकॅनिक चाचांनी आपल्या जीपची बॅटरी आणून आमच्या इन्व्हर्टरला जोडली होती. पेनड्राइव्हवरचे त्या सिरियलचे भाग टीव्हीवर एकामागून एक चालले होते, आणि चाची माझ्याजवळ बसून शेंगा फोडत होत्या. दुपारी चाचा म्हणाले, “बस करा, बॅटरी उतरून राह्यली.” मी म्हटलं, “एकच भाग अजून.” चाची हसल्या, “लावू द्या न जी.” असे चार भाग झाले. शेवटचा तेवढा उरला असताना चाचींनी छाती धरली. दवाखान्यात न्यायला चाचांनी बॅटरी परत जीपला बसवली, पण जीप सुरू होईना. सगळ्या गल्लीने धक्का मारला, तरी चाकं चिखलात रुतत गेली. दुसरी गाडी येईपर्यंत चाचींचा हात माझ्या हातात गार पडला. चाचींचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचांनी दारात येऊन विचारलं, “पोरी, शेवटी काय झालं वं त्या सिरियलीत? तिले पाहाचं होतं.” तो भाग मी आजपर्यंत लावलेला नाही, पण तेव्हा मी लगेच म्हणाले, “सारे सुखरूप घरी पोचले, चाचा.”