सेकंड हाफला बाबा गाडीत

“भाऊजी गेले का गाडीत? मग आज जिंकलोच!” मागच्या खुर्चीवरून श्रुतीकाकू आईला म्हणाली. आई हसली. मीही हसले. नऊ वर्षं हसतेय — आणि त्यामागचं खरं कोणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

आधी आमचं घर सांगते. बाबा नागपूरहून डब्लिनला एकटेच आले, तेव्हा ऑफिसमधल्या कोणीतरी त्यांना इथल्या रग्बी लीग टीमची मॅच बघायला नेलं. वर्षभराने आई आणि मी आलो, तोवर ते त्या टीमचे होऊन गेले होते. त्यानंतर उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार मैदानावर. आमच्या गणपतीचं मखरसुद्धा दरवर्षी हिरवं-पांढरं, जर्सीच्या रंगाचं. खेळाडूंना आईची चटणी सँडविचेस लागतात. स्कोअरची वही माझ्याकडे — माझं अक्षर चांगलं म्हणून.

बाबा मॅच नुसती बघत नसत. कडेकडेने पळायचे, हात उडवत, घसा बसेपर्यंत ओरडायचे — “अरे धर त्याला! सोडू नको रे!” मराठीत! खेळाडूंना काय कळणार? पण त्यांना ते आवडायचं. न आवडणारी मी एकटीच.

मी चौदा वर्षांची होते. वर्गातल्या दोन मुली मॅचला आल्या होत्या. एकीने बाबांच्या पळण्याची नक्कल केली, दुसरी हसली. बस, एवढंच. मला कोणी काही बोललंही नाही.

सेकंड हाफमध्ये बाबा गाडीतून बर्फ आणायला गेले आणि नेमका तेव्हाच आपण स्कोअर केला. ते परत आल्यावर मी म्हणाले, “बाबा, तुम्ही नसलात की आपण जिंकतो. नेहमी.”

बाबांचं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. “नेहमी? डेटा दाखव.”

तिथे गंमत म्हणून सोडून देता आलं असतं — नाही का? मी त्या संध्याकाळी वही काढली. दोन सीझनमधल्या जिंकलेल्या मॅचपुढे बारीक चांदण्या काढल्या. चांदणी म्हणजे सेकंड हाफला बाबा मैदानावर नव्हते. पेनंही बदलून वापरली. बर्फ, फोन, पार्किंग — ते मध्येमध्ये कुठेतरी जायचेच. कधी, हे त्यांना कुठे आठवणार?

बाबांनी वही दोनदा वाचली. माझ्या पाठीवर थाप मारली. पुढच्या शनिवारपासून सेकंड हाफला ते गाडीत.

टीम हरली की म्हणायचे, “आज जायला उशीरच केला मी.” तेव्हा तरी मी खरं सांगायचं ना? नाही सांगितलं. मैदान एका शाळेचं, पार्किंग तिच्या इमारतीमागे; तिथून मैदान दिसत नाही. नुसता आरडाओरडा ऐकू येतो. मग मला फोन — “आवाज आपला की त्यांचा?”

या शनिवारची मॅच शेवटची होती. खेळाडू पुरत नाहीत, टीम बंद होतेय. आज तरी थांबतील असं मला वाटलं होतं. हाफ टाइमला बाबांनी कॅप्टनच्या पाठीवर हात ठेवला, सँडविच घेतलं आणि गेले.

काकूचं ते वाक्य. मग माझा फोन वाजला. मी तो उचलला नाही. वही घेतली आणि इमारतीला वळसा घालून गाडीपाशी गेले. काचा खाली होत्या. बाबा जर्सी घालून ताठ बसले होते, सँडविच तसंच.

“काय गं? हरतोय का आपण?”

“बाबा, या चांदण्या खोट्या आहेत. मी एका संध्याकाळी बसून काढल्या. मला तुमची लाज वाटत होती.”